संग्रहालयातली १२० तासांची इंटर्नशिप: एकच काम द्यावं की सगळे विभाग फिरवावेत?

बखरकार

पदव्युत्तर अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट आले. एका क्रेडिटला ३० तास धरले की १२० तास होतात. इतिहास, पुरातत्त्व आणि कला शाखांची मुलं हे तास भरायला संग्रहालयांत येतात. मग आठवडाभर ग्रंथालय, आठवडाभर स्टोअर, आठवडाभर गॅलरी अशी त्यांची फिरती सुरू होते. मला हे अजिबात पटत नाही. काम हाताला वळायच्या आत जागा बदलते आणि मुलगा जाताना संग्रहालयाकडे काहीच उरत नाही.

माझी मांडणी अशी: पहिले १२ तास वस्तू हाताळायला शिकवा. पुढचे ८० तास ६० वस्तूंची पूर्ण नोंद: मापं, चार बाजूंचे फोटो, कंडिशन रिपोर्ट (वस्तूची आजची अवस्था कशी आहे त्याची टिपण), संगणकातली एन्ट्री. सुरुवातीला एका वस्तूला दोन तास लागतात, तिसऱ्या आठवड्यात तासाभरात होते. १६ तास उलटतपासणीला: नोंदवहीतून दहा नोंदी काढून वस्तू कपाटात शोधायच्या, मग कपाटातल्या दहा वस्तू उचलून वहीत शोधायच्या. पहिल्या तपासणीत हरवलेली वस्तू कळते, दुसरीत नोंदच नसलेली. उरलेले १२ तास काम पुढच्या इंटर्नच्या हवाली करायला.

इंटर्नच्या चार तासांमागे मार्गदर्शकाचा एक तास जातो, म्हणजे एका मुलामागे ३० तास. म्हणून एका अभिरक्षकाकडे (क्युरेटरकडे) एका वेळी दोनच इंटर्न. सहा घेतले की सहाही जण झेरॉक्स काढतात.

रंगपट

असहमत. साठ समया मोजून बाहेर पडलेल्या मुलीला प्रदर्शन कसं उभं राहतं हे कुठे कळलं? शाळेच्या सहली कशा हाताळायच्या, मजकुराची पाटी कशी लिहायची, हेही संग्रहालयाचंच काम आहे. नोकऱ्याही तिथे असतात.

शिवाय तुमचा साचा वस्तू असलेल्या संस्थेचा आहे. नाट्यसंस्थेकडे कपाटात वस्तू नसतात. तिथे कामाचं एकक म्हणजे एका प्रयोगाची फाईल: लेखकाची लेखी परवानगी, नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, नाट्यगृहाची तारीख, प्रकाशयोजनेचा तक्ता, हिशेब. यातला प्रत्येक कागद वेगळ्या माणसाकडून येतो. ती फाईल पुरी करायची तर फिरावंच लागतं. आधी ३० तास सगळीकडे, मग ९० तास एका कामाला, असं का नको?

कोठीघर

फिरतीला ३० तास फार होतात, पण मुद्दा बरोबर आहे. माझी हरकत दुसरीच आहे. तालुक्याच्या गावातल्या ट्रस्टच्या संग्रहालयात एक जण तिकिटं फाडतो आणि एक जण कुलपं उघडतो. एका मुलामागे ३० तास देणारा मार्गदर्शक आणायचा कुठून? तिथे महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी आठवड्यातून एक दिवस येऊन बसावं आणि तसं करारात लिहावं. नुसती सही-शिक्क्याची हजेरी पाठवून महाविद्यालयाची जबाबदारी संपत नाही.

दिवेलागण

तासांवर एवढी चर्चा झाली, पैशांवर कोणीच बोललं नाही. दिवसाला सहा तास धरले तरी २० दिवस झाले. प्रवास आणि जेवण मुलांच्या खिशातून. मग इंटर्न कोण होणार? शहरात आईवडिलांचं घर असलेली मुलंच. अमेरिकेतल्या कलासंग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने २०१९ साली ठराव करून सांगितलं की इंटर्नला पैसे द्या. आपल्याकडे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ साली पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. सरकार प्रशिक्षणार्थीच्या वेळेची किंमत ठरवू शकतं, तर कलासंस्थांनाही ती ठरवावी लागेल. दोघांना फुकट घेण्याऐवजी एकाला पैसे देऊन घ्या.

कोठीघर

पटतं, पण नियम केलात तर लहान संग्रहालयं दार बंद करतील आणि मुलांना मोठ्या शहरांतच जावं लागेल. माझी किमान अट: जाण्यायेण्याचं भाडं, दुपारचं जेवण, आणि १२० तासांच्या पुढे एक तासही बिनपैशाचा नाही. तिकीट खिडकीवर किंवा पहाऱ्याला बसवायचं नाही. रजेवर गेलेल्या माणसाची जागा भरायला ही मुलं नाहीत.

दिवेलागण

भाडं आणि जेवण म्हणजे मानधन नव्हे. फार तर त्याने मुलाचं नुकसान टळतं. आणखी एक: लैंगिक छळविरोधी २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकसुद्धा कर्मचारी धरले आहेत. अशा तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीतल्या सदस्यांची नावं पहिल्याच दिवशी इंटर्नच्या हातात द्या.

जतन

बखरकारांच्या यादीत वस्तूवर नंबर घालणं नाही, ते बरंच झालं. बऱ्याच ठिकाणी इंटर्नला पहिलं काम तेच देतात. रीत अशी: पितळी समईच्या बुडाला, पण टेकते त्या कडेवर नव्हे, पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचं ॲसिटोनमधलं द्रावण बोटाच्या पेराएवढ्या जागेत लावायचं. वाळलं की शाईने नंबर, त्यावर पुन्हा एक थर. जुलैत मुंबईच्या हवेत हे केलंत तर थर दुधासारखा पांढरा पडतो, कारण ॲसिटोन झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. मग नंबर वाचता येत नाही. हे काम हिवाळ्याच्या तुकडीला द्या, तेही आधी फुटक्या कौलावर सराव करून. नेलपॉलिश वापरूच नका, ते कालांतराने पिवळं पडून सोलवटतं. कापडाला सुती फितीवर नंबर लिहून फीत दोन टाक्यांनी शिवायची, कागदावर मऊ पेन्सिल.

बखरकार

रंगपट, पहिले २० तास फिरतीला देतो, नोंदीच्या ८० तासांतून काढून. वस्तू ६० च्या ४५ होतील. त्यापुढे मात्र नाही, कारण खरी चूक उशिरा दिसते. जुन्या वहीत नंबर ५/१२ असतो. एक्सेलमध्ये टाकला की त्याची तारीख होते. फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून एक इंटर्न आडवी रेघ घालतो, दुसरा मोकळी जागा सोडतो, तिसरा देवनागरी आकडे लिहितो. पुढच्या वर्षी फोटो शोधला तर सापडत नाही. एन्ट्रीआधी रकाना टेक्स्ट करा आणि नाव देण्याची एकच पद्धत छापून टेबलावर चिकटवा. हे पक्कं व्हायला चाळीसेक वस्तू हाताखालून जाव्याच लागतात.

मानधनावर मी दिवेलागण यांच्या बाजूने आहे. कोठीघर, ट्रस्टच्या अंदाजपत्रकात 'प्रशिक्षणार्थी' असं खर्चाचं स्वतंत्र शीर्ष टाका. शीर्षच नसलं की देणगीदाराकडे मागायला आकडा नसतो.

रंगपट

२० तास मान्य. त्यातला एक पूर्ण दिवस शाळेच्या सहलीबरोबर हवा.