मदत हवी आहे: १९६५ च्या एमजीबीचे जुने मालक कसे शोधावेत?

नमस्कार मंडळी,

ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या कागदपत्रांशी कुणाचा संबंध आला असेल तर थोडं मार्गदर्शन हवं आहे.

माझ्याकडे १९६५ ची एमजीबी आहे, एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार. गाडी चालू आहे. यांत्रिक कुरबुरी आहेतच, पण त्या इथे नकोत. प्रश्न आहे तो ती आजवर कुणाकुणाकडे होती याचा. १९८३ नंतरची साखळी बऱ्यापैकी जुळली आहे. त्याआधीच्या काळाबद्दल मात्र हाताला जवळजवळ काहीच लागत नाही, आणि नेमकं त्याच काळात गाडीचं रूप बदललेलं दिसतंय.

चेसिस नंबर जीएचएन३ ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा आकार, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी आणि ३ म्हणजे मालिका. पुढे एल नाही, म्हणजे स्टिअरिंग मुळातच उजवीकडचं. या नंबरावर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात गाडी कधी तयार झाली, कधी रवाना झाली, बॉडी नंबर, इंजिन नंबर, रंग (टार्टन रेड), वायर व्हील्स, सगळं त्यात आहे. मालकाचं नाव नाही. ते असणारही नव्हतं म्हणा, गाडी दाराबाहेर पडली की कारखान्याची वही मिटते.

आज गाडी गडद हिरवी आहे. काम नीट केलंय, पण डॅशबोर्डच्या मागे हीटरच्या खोक्याखाली हात घालून टॉर्च मारला की मूळ लाल रंग जसाच्या तसा दिसतो. इंजिनही मूळ नाही. सर्टिफिकेटवर इंजिन नंबर १८जीबी ने सुरू होतो, ब्लॉकवरच्या पट्टीवर १८व्ही ने. १८व्ही इंजिनं १९७१ पासून आली, म्हणजे बदल त्यानंतरचा.

नंबरप्लेट मात्र पहिलीच असावी. शेवटी सी, म्हणजे १९६५. तीन अक्षरांतली शेवटची दोन एफसी, म्हणजे नोंदणी ऑक्सफर्डची. त्या काळी नोंदी त्या त्या कौन्सिलकडे असत. ऑक्टोबर १९७४ पासून नव्या गाड्यांची नोंदणी स्वान्सीच्या मध्यवर्ती सरकारी कार्यालयात सुरू झाली आणि जुन्या गाड्या हळूहळू तिकडे सरकल्या. १९८३ च्या अखेरीपर्यंत ज्यांची नोंद तिकडे गेली नाही त्यांचा जुना नंबर रेकॉर्डवर उरला नाही. माझ्या गाडीचा उरला, म्हणजे मुदतीच्या आत कुणीतरी फॉर्म भरला होता. तो माणूस मला हवा आहे!

आता दोन वस्तू. डॅशच्या वरच्या फटीत एक टॅक्स डिस्क (वाहनकर भरल्याची काचेवर लावायची गोल चिठ्ठी) अडकलेली सापडली. १९७८ ची आहे. नंबर याच गाडीचा, शाईने हाताने लिहिलेला. त्यावर पोस्टाचा गोल शिक्का आहे, पण गावाचं नाव अर्धं पुसलंय. शेवटी 'टन' एवढंच वाचता येतं, आणि इंग्लंडमधल्या निम्म्या गावांच्या शेवटी टन असतं.

दुसरी वस्तू कळतच नाही. गिअरबॉक्सपासून स्पीडोमीटरकडे जाणाऱ्या केबलमध्ये मधेच इंग्रजी टी आकाराचा छोटा धातूचा जोड बसवलाय. त्याच्या एका तोंडाला काहीच जोडलेलं नाही. शेजारच्या सीटपुढे डॅशच्या खालच्या कडेला दोन भोकं आहेत, नीट ड्रिल केलेली. विकणारे गृहस्थ म्हणाले होते की गाडी 'रॅलीत धावलेली' आहे, पण दाखवायला त्यांच्याकडे एक फोटोसुद्धा नव्हता. विकणारा माणूस जुन्या गाडीबद्दल काय वाट्टेल ते सांगतो, म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

तर विचारायचंय ते असं. ऑक्सफर्डच्या जुन्या नोंदवह्या पाहायच्या तर सुरुवात कुठून करू? स्वान्सीकडून आधीच्या लोकांची माहिती मिळते का, की खासगी माहिती म्हणून नकार येतो? आणि तो टी जोड कशाचा?

---

प्रतिसाद:

टी जोडाचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. तो बहुधा हाल्डाचा आहे. हाल्डा हे स्वीडिश अंतरमापक, रॅलीत नेव्हिगेटरच्या पुढ्यात बसवायचे. ट्विनमास्टर नावाच्या मॉडेलमध्ये दोन स्वतंत्र मापं असत, एक एकूण अंतराचं, दुसरं पुन्हा पुन्हा शून्यावर आणायचं. त्याला फिरवायला स्पीडोच्या केबलमधूनच फाटा काढत, तो हा टी. दोन भोकं शेजारच्या सीटपुढे आहेत हेही जुळतं, कारण तिथेच तो खोका येणार.

यावरून गाडी मोठ्या स्पर्धेत धावली असं लगेच समजू नका. त्या काळात गावोगावचे मोटर क्लब शनिवारी रात्री नकाशा वाचत करायच्या रॅली भरवायचे आणि हौशी लोक रोजच्याच गाडीला हाल्डा लावून जायचे. पण तुमच्या दृष्टीने हे उलट बरं. अशा क्लबांची पत्रकं आणि प्रवेशयाद्या असत, त्यात चालक, नेव्हिगेटर आणि गाडी यांची नोंद असते. फोटोत नंबरप्लेट दिसली की काम झालं.

---

प्रतिसाद:

नंबर आणि गाडी या दोन गोष्टी वेगळ्या धरून चाला. ब्रिटनमध्ये नंबर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेता येतो. त्यामुळे कुठलाही जुना कागद सापडला की आधी त्यावरचा चेसिस नंबर जुळवा. नुसत्या नंबरवर विसंबून लोकांनी भलत्याच गाडीचा इतिहास फ्रेम करून लावलाय.

दुसरं, व्ही५सी वर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, ज्याचं नाव असतं तो नोंदणीपुरता 'कीपर'. मालक तोच असेल असं नाही. कंपनीची गाडी नोकराच्या नावावर, बापाची मुलीच्या नावावर, हे सर्रास. साखळीत एखादं नाव विचित्र वाटलं तर हे लक्षात ठेवा.

स्वान्सीकडून माहिती मागायला व्ही८८८ फॉर्म आहे. कारण पटण्यासारखं द्यावं लागतं, मोघम लिहू नका. नावांपेक्षा तुम्हाला तारखा आणि इंजिन नंबर जास्त उपयोगी पडतील. लॉगबुकावर (म्हणजे याच नोंदणीपत्रावर) इंजिन नंबर असतो आणि तो बदलला की कळवायचा असतो. स्वान्सीच्या पहिल्या नोंदीतच १८व्ही असेल तर इंजिन त्याआधी बदललं. तिथे १८जीबी असेल तर बदल नंतरचा, आणि तो कुठल्या कीपरच्या काळात झाला हेही बाहेर येईल. रंगाचंही तसंच, तोही नोंदीत असतो.

कौन्सिलच्या जुन्या वह्यांचं नशीब जागोजागी वेगळं. काही ठिकाणी रद्दीत गेल्या, काही काउंटीच्या अभिलेखागारात आहेत, आणि बऱ्याच ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे आहेत. ऑक्सफर्डच्या अभिलेखागाराला आणि किटहेडला दोघांनाही एकाच वेळी लिहा. पत्रात नंबर, चेसिस नंबर आणि पहिल्या नोंदणीची तारीख तिन्ही द्या.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. हाल्डाचे फोटो पाहिले. ट्विनमास्टरच्या मागच्या पट्टीवरच्या भोकांमधलं अंतर मोजून कुणी सांगेल का? माझ्या डॅशवरची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत मोजून ठेवली आहेत, ताडून पाहता येईल.

इंजिन नंबरावरून काळ ठरवायची युक्ती डोक्यात आली नव्हती. सध्याच्या व्ही५सी वर १८व्हीच आहे, पण आधीच्या मालकाने दिलेल्या फाइलमध्ये एक जुनं व्ही५ (नोंदणीपत्राचं आधीचं रूप) आहे, ते काढून बघतो. एमओटीचं (गाडीच्या वार्षिक तपासणीचं) ऑनलाइन रेकॉर्ड २००५ पासूनचंच मिळतं, ते माझ्या कामाचं नाही. त्याच फाइलमध्ये एमओटीचे कागदी दाखले आहेत, पण सगळे १९८६ नंतरचे.

---

प्रतिसाद:

टॅक्स डिस्कचा शिक्का साध्या फोटोत वाचत बसू नका. स्कॅन करा, चांगल्या रिझोल्यूशनला, आणि रंग उलटे करून पाहा. शाई कागदात मुरलेली असते, डोळ्याला न दिसणारं अक्षर बऱ्याचदा असं उठून येतं. पुसायला किंवा सपाट करायला जाऊ नका, तो कागद फार पटकन फाटतो.

गावाचं नाव लागलं की त्या भागातल्या मोटर क्लबला आणि एमजी कार क्लबच्या तिथल्या शाखेला लिहा. वरच्या प्रतिसादातली रॅलीची गोष्ट खरी असेल तर १९७८ च्या आसपास त्या गावात ही गाडी ओळखणारी माणसं असणार, आणि ती आज सत्तरीच्या आसपास असतील. लाल एमजीबी म्हणून विचारा आणि हिरवी म्हणूनही विचारा, त्यांच्या लक्षात कोणता रंग असेल सांगता येत नाही.

एखाद्या जुन्या मालकाचा पत्ता मिळालाच तर फोन न करता पत्र पाठवा. सोबत गाडीचा आजचा एक फोटो आणि उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट ठेवा. पहिल्याच पत्रात कागदपत्रं मागू नका, फक्त 'ही गाडी तुमच्याकडे होती का' एवढंच विचारा. आणि नाव हाती लागलं तर ते या धाग्यावर टाकू नका, त्यांची परवानगी घेतल्याशिवाय तर नाहीच.