पंप-ॲक्शन शॉटगन: तुमची कोणती आणि ती का? (अनुभव धागा)

पंप-ॲक्शन शॉटगनचा (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची बंदूक) विषय निघाला की चर्चा लगेच दोन नावांवर येऊन थांबते, रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५००. एका बाजूला स्टीलच्या रिसीव्हरचे (यंत्रणा सामावणारं मधलं घर) अभिमानी, दुसऱ्या बाजूला अंगठ्याखालच्या सेफ्टीचे (चुकून बार होऊ न देणारा खटका). वाद रंगतो, पण ज्याला खरोखर एक बंदूक निवडायची आहे त्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून हा धागा काढला. ज्यांनी यातली एखादी बंदूक वर्षानुवर्षं चालवली आहे, उघडून साफ केली आहे, त्यांनी लिहावं. हाताला कशी बसली, कुठे अडली, काय बदललंत, हे वाचायला आवडेल. इथं न उल्लेखलेले ब्रँडही चालतील.

सुरुवात मीच करतो. माझी ८७० विंगमास्टर, १२ बोअर (नळीचं माप; आकडा मोठा तशी नळी बारीक). ही बंदूक १९५० साली बाजारात आली आणि २००९ मध्ये तिचा आकडा एक कोटीवर गेला. रिसीव्हर स्टीलच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला. पुढच्या मुठीपासून बोल्टपर्यंत (काडतुसामागे नळी बंद करणारा भाग) एकाऐवजी दोन पट्ट्या जातात, त्यामुळे मूठ वाकडी ओढली गेली तरी बोल्ट तिरका होऊन अडकत नाही. जुन्या विंगमास्टरचा पंप ओढून पाहिलाय का? मूठ मागे येताना कुठेही खरखर नाही, पुढे जाताना बोल्ट बंद होण्याचा एकच भरीव आवाज येतो. घासून घासून धातूला एक वळण पडतं, ते नव्या बंदुकीत मिळत नाही. १९८७ पासून एक्स्प्रेस नावाची स्वस्त आवृत्ती आली. आतली यंत्रणा तीच, पण बाहेरून मॅट फिनिश आणि साधं लाकूड. ८७० घ्यायची तर मी आजही नव्यापेक्षा चांगली राखलेली जुनी विंगमास्टर शोधायला सांगेन.

* * *

धाग्याबद्दल आभार. मी पहिल्यापासून मॉसबर्ग ५०० वाला, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

‘ॲल्युमिनियमचा रिसीव्हर म्हणजे कमकुवत’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आधी तेच स्पष्ट करतो. काडतूस फुटतं तेव्हा दाब कोण झेलतं? बोल्टमधला लॉक थेट नळीच्या मागच्या स्टीलच्या भागात अडकतो. तो दाब नळी आणि बोल्ट आपसात वाटून घेतात, रिसीव्हरच्या भिंतींवर तो येतच नाही. ८७० मध्येही हेच तत्त्व आहे. म्हणजे ताकदीच्या मुद्द्यावर स्टील-ॲल्युमिनियम वाद फारसा उरत नाही. उरतं ते वजन, आणि दिवसभर खांद्यावर वागवताना ते जाणवतं.

मला ५०० आवडते ती खटक्यांच्या जागांमुळे. सेफ्टी रिसीव्हरच्या मागच्या टोकाला, वरच्या बाजूला. बंदूक खांद्याला लावली की अंगठा आपोआप तिथेच येतो, शिवाय लाल ठिपका डोळ्यांसमोर असतो. ॲक्शन उघडायचा खटका चापाच्या कड्याच्या मागे आहे, त्यामुळे पकड न सोडता बोट पोचतं. ८७० मध्ये तो कड्याच्या पुढे आहे. तिसरी गोष्ट, काडतूस वर उचलणारी पट्टी. मॉसबर्गमध्ये ती वरच राहते आणि खालचं तोंड मोकळं असतं. ८७० मध्ये ती खाली असते. प्रत्येक काडतुसाबरोबर ती अंगठ्यानं वर ढकलावी लागते आणि थंडीत, हातमोजे घातलेले असताना अंगठ्याची कातडी हमखास चिमटते. १९६१ पासून हे मॉडेल चालू आहे. पुढची मूठ थोडी खुळखुळते, हे कबूल. पण तेवढ्या ढिलाईमुळेच ती वाळू-चिखलातही चालत राहते, असं माझं ठाम मत आहे.

* * *

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. अंगठ्याची सेफ्टी सोयीची आहे, पण सरळ दस्ता असेल तरच. ५०० ला पिस्तुलासारखी उभी मूठ लावली की अंगठा वर पोचत नाही, दरवेळी पकड सैल करावी लागते. उभी मूठ हवीच असेल तर चापामागची आडवी सेफ्टी असलेली बंदूक घ्या. ही गोष्ट विकत घेण्याआधी कुणी सांगत नाही.

* * *

मी डावखुरा आहे. बहुतेक पंप बंदुका रिकामं काडतूस उजवीकडे फेकतात, म्हणजे आम्हा लोकांच्या नजरेसमोरून. सवय होते, पण लक्ष विचलित व्हायचं ते होतंच.

माझी निवड इथाका ३७. काडतूस भरायचं खालून आणि रिकामं पडतंही खाली, पायाशी. रिसीव्हरच्या बाजूला भोकच नाही, म्हणून पाऊस, पानं, काड्या आत जात नाहीत. मूळ रचना जॉन ब्राउनिंगची, रेमिंग्टन मॉडेल १७ साठीची. तिच्या पेटंटची मुदत संपल्यावर इथाकानं १९३७ साली आपली बंदूक आणली. हलकी, सडपातळ, पटकन खांद्याला लागणारी. हाच खालून काडतूस टाकण्याचा प्रकार ब्राउनिंग बीपीएसमध्येही आहे आणि तिची सेफ्टी वर अंगठ्यापाशी. डावखुऱ्यासाठी याहून सोयीची मांडणी मला माहीत नाही. जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात बनलेल्या बीपीएसचं कामही देखणं असतं. फक्त ती जड आहे, त्यामुळे मैलोन्‌मैल चालणाऱ्यांनी आधी हातात घेऊन पाहावी.

उणीव हीच की मॅगझीन (नळीखालची काडतुसं साठवायची नळी) रिकामं असताना बाजूच्या भोकातून एक काडतूस पटकन आत टाकणं जमत नाही. प्रत्येक काडतूस खालूनच जायला हवं. ८७० आणि मॉसबर्गची डाव्या हातासाठीची मॉडेलंही निघाली आहेत, पण ती शोधावी लागतात.

* * *

सगळे ब्रँडवर बोलताहेत, मापावर कुणीच नाही, म्हणून लिहितेय.

माझी उंची कमी, हात आखूड. बहुतेक कारखान्यांचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत सुमारे १४ इंच असतो. तो मला लांब पडतो. मग डोकं पुढे ताणावं लागतं, गाल दस्त्यावर नीट बसत नाही आणि पुढची मूठ पूर्ण मागे-पुढे करायला डावा हात पुरत नाही. सगळे म्हणायचे ‘धक्का सहन होत नाही’, खरं दुखणं लांबीचं होतं. सुमारे १३ इंचांचा आखूड दस्ता लावल्यावर तीच बंदूक, तीच काडतुसं, पण खांदा दुखायचा थांबला. आता माझ्याकडे मॉसबर्ग ५०० ची २० बोअर, आखूड दस्त्याची. ८७० सुद्धा २० बोअरमध्ये मिळते आणि तीही गोड आहे. बायकांना आणि पोरांना सरसकट सगळ्यात हलकी बंदूक हातात देण्याची पद्धत मात्र मला मुळीच पटत नाही. हलक्या बंदुकीत १२ बोअरचं जोरदार काडतूस घातलं तर धक्का वाढतोच, कारण तो झेलायला वजनच नसतं. आधी माप, मग बोअर, मग काडतुसाचा जोर, आणि नाव सगळ्यात शेवटी.

* * *

बाईंशी शंभर टक्के सहमत. मी शिकाऊ लोकांना शिकवतो तेव्हा पहिला तास याच मापावर जातो.

आणखी एक. ‘बंदूक अडकते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांची बंदूक ठणठणीत असते. पंप अर्धवट ओढलेला असतो. मूठ पूर्ण मागे आली नाही तर रिकामं काडतूस बाहेर पडत नाही किंवा पुढचं वर चढत नाही. कोणताही ब्रँड याला अपवाद नाही. बार झाल्यावर धक्क्यानं हात मागे येतच असतो, त्याच ओघात मूठ शेवटपर्यंत ओढायची आणि तितक्याच जोरानं पुढे न्यायची. हळुवारपणा इथं उपयोगाचा नाही. सरावाची नकली काडतुसं घेऊन, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, हे करत राहा.

* * *

प्रश्न: जुन्या ८७० मध्ये काडतूस उचलणारी पट्टी आणि बोल्ट यांच्या मधे काडतूस घुसतं आणि बंदूक पार बंद पडते, असं ऐकलं. खरं आहे का?

* * *

(धागाकर्ता) हो, जुन्या रचनेत तसं होऊ शकतं. बोल्ट पुढे असताना मॅगझीनमधलं काडतूस अडवणीतून निसटलं, तर ते पट्टीवर, बोल्टच्या खाली बसतं आणि मूठ ना मागे येते ना पुढे जाते. पुढे कंपनीनं पट्टीत लवचिक जीभ ठेवली, त्यामुळे जोर लावून पंप उघडता येतो. पट्टीत इंग्रजी ‘यू’ च्या आकाराची खाच दिसली की समजा सुधारित आवृत्ती आहे. जुनी विकत घेताना हे जरूर पाहा.

* * *

क्लेवाल्यांच्या (हवेत फेकलेल्या तबकड्या फोडणाऱ्यांच्या) वतीनं विंचेस्टर मॉडेल १२ चं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. १९१२ साली टी. सी. जॉन्सन यांच्या रचनेवर ती आली, १९६४ पर्यंत नियमित निघत राहिली आणि जवळपास २० लाख बनल्या. आतला प्रत्येक भाग स्टीलमधून कोरलेला, कारागिरांनी हातानं जुळवलेला. तेच तिच्या गळ्याशी आलं. मजुरी परवडेना, आणि मग ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरची विंचेस्टर १२०० तिच्या जागी आली. १२०० वाईट नाही, तिचा फिरून बसणारा बोल्ट भलताच वेगवान आहे, पण मॉडेल १२ चा पंप मागे-पुढे करताना जो घट्ट, तेल लावल्यासारखा स्पर्श होतो तो तिच्यात नाही.

पंपवर क्ले खेळता येत नाही म्हणणाऱ्यांसाठी: रुडी एचेन यांनी १९५० साली ग्रँड अमेरिकन स्पर्धेत, नव्याकोऱ्या ८७० वर, डबल्समध्ये शंभरपैकी शंभर तबकड्या फोडल्या. दोन तबकड्या एकदम हवेत आणि मधे पंप मारायचा!

एक गंभीर सूचना. मॉडेल १२, त्याआधीची उघड्या घोड्याची विंचेस्टर १८९७ आणि जुन्या इथाका ३७, यांत चाप दाबून धरला असेल तर पंप पुढे जाताच बार होतो. आजच्या बंदुकांत तसं होत नाही. जुनी बंदूक दुसऱ्याच्या हातात देताना ही गोष्ट आधी सांगा, नंतर बंदूक द्या.

* * *

मी पाणपक्ष्यांवाला. गुडघाभर चिखल, पहाटेपासून पाऊस. माझी बेनेली नोव्हा. १९९९ ची रचना, रिसीव्हर आणि दस्ता मिळून एकच पॉलिमरचं अंग, आत स्टीलचा सांगाडा. लाकूड फुगण्याची, गंज चढण्याची काळजी कमी. पुढच्या मुठीखाली एक बटण आहे. ते दाबून पंप ओढला की चेंबरमधलं (नळीतली काडतूस बसायची जागा) काडतूस बाहेर येतं, पण मॅगझीनमधलं आत येत नाही. छर्‍याचा आकार बदलायचा असतो तेव्हा ही सोय काय आहे ते कळतं. साडेतीन इंची काडतुसंही चालतात, पण ती खांद्याला फार महागात पडतात. तीन इंचीवर माझं सगळं काम भागतं. दिसायला ती सगळ्यांच्या पसंतीस उतरत नाही, मला फरक पडत नाही.

* * *

नव्या बंदुकीचा एक अनुभव, कंपनीचं नाव देत नाही. स्वस्तातली काडतुसं, म्हणजे ज्यांचं बूड पितळेऐवजी स्टीलचं असतं, ती बार झाल्यावर चेंबरमध्ये घट्ट बसायची. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून मूठ खाली ओढावी लागे. महागडी पितळी बुडाची काडतुसं मात्र सुरळीत निघायची. जाणकारानं चेंबरमध्ये उजेड टाकून दाखवलं: कटरच्या बारीक गोल रेघा तशाच राहिलेल्या. स्टीलचं बूड बार होताच फुगतं आणि पितळेइतकं परत आकसत नाही, म्हणून त्या रेघांत धरून बसतं. त्यानं चेंबर हलक्या हातानं पॉलिश करून दिला आणि त्रास संपला. नवी बंदूक घेतल्यावर दोन-तीन प्रकारची काडतुसं चालवून बघाच. आणि पॉलिशचं काम घरी ड्रिल लावून करू नका, चेंबर मोठा झाला तर परत लहान होत नाही.

* * *

कमी खर्चात सुरुवात करणाऱ्यांनी मॅव्हरिक ८८ बघावी. मॉसबर्गचीच आहे, सेफ्टी मात्र आडवी, चापापाशी. त्यामुळे ५०० चा चापाचा संच तिच्यात बसत नाही. नळ्या बसतात, पण मॅगझीनच्या नळीची लांबी जुळायला हवी. मॉसबर्गच्याच ५९० ची नळी ५०० ला लागत नाही, कारण तिचं मॅगझीन पुढून टोपीनं बंद होतं आणि नळी वेगळ्या पद्धतीनं धरली जाते.

चोकचंही (नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्‍यांचा फैलाव ठरवणारा तुकडा) तसंच. मॉसबर्ग ५०० च्या १२ बोअरचे चोक, विंचेस्टरचे विनचोक आणि ब्राउनिंगचे मूळ इन्व्हेक्टर, या तिघांचे आटे सारखे, एकमेकांत चालतात. रेमिंग्टनचे आटे वेगळे. ज्यांच्याकडे आधीच विनचोकचा डबा पडून आहे त्यांनी दुसरी बंदूक निवडताना हे लक्षात घ्यावं. चोक लावताना आट्यांना थोडं ग्रीस लावा आणि दोन बारांच्या मधे, बंदूक रिकामी करून, तो सैल झालेला नाही ना ते बघत जा.