अल्फा सेंटॉरी : ग्रह जिवंत, पण प्रतिस्पर्धी मठ्ठ?

षट्कोनी
१९९९ साली आलेल्या 'सिड मायर्स अल्फा सेंटॉरी' या कॉम्प्युटर गेमचा विषय निघाला की चर्चा होत नाही, आरती होते. मला चर्चा हवी आहे. माझ्या मते या गेमइतका विचार नंतरच्या कुठल्याही टर्न-बेस्ड (पाळीपाळीने खेळायच्या) साय-फाय गेममध्ये दिसला नाही, पण समोरून खेळणारा कॉम्प्युटर इतका मठ्ठ आहे की अर्ध्या खेळानंतर त्या विचाराला धारच उरत नाही.

ज्यांनी खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पृथ्वीवरून निघालेल्या 'युनिटी' यानातले लोक वाटेतच फुटतात आणि नव्या ग्रहावर सात गट होऊन उतरतात. फूट पडते ती देशांवरून नाही, विचारसरणीवरून. आणि हे फक्त कथेत नाही, नियमांत आहे. उद्योगपती मॉर्गनला नियोजित अर्थव्यवस्था निवडताच येत नाही, चेअरमन यांगला लोकशाही. मुक्त बाजारपेठ घेतली की पैसा धो धो येतो, पण 'पोलीस'चा आकडा पाचने खाली जातो. मग सैन्य परमुलखात पाठवलं की घरच्या बेसमध्ये (वसाहतीत) दंगे. डिझायनर ब्रायन रेनॉल्ड्स यांनी १९९६ची 'सिव्हिलायझेशन २' केली होती, पण त्यात राज्यपद्धती म्हणजे नुसता एक पर्याय होता. इथे ती अंगाशी येते.

आता रडगाणं. सप्लाय क्रॉलर (माल वाहणारं वाहन) बनवून त्यावर खर्चलेलं सगळं खनिज सीक्रेट प्रोजेक्टमध्ये (एकाच गटाला बांधता येणाऱ्या मोठ्या कामात) ओतता येतं. कॉम्प्युटरला ही युक्ती धड वापरता येत नाही. हेलिकॉप्टर एका टर्नमध्ये अनेकदा हल्ला करतं, त्याला तोड म्हणून हवाई संरक्षणही कॉम्प्युटरला नीट उभारता येत नाही. सर्वांत कठीण पातळीवर त्याला उत्पादन स्वस्त मिळतं, अक्कल तेवढीच राहते. मग शेवटचे शंभर टर्न म्हणजे निकाल ठरलेल्या निवडणुकीची मतमोजणी.

बुरशीप्रेमी
असहमत. तुम्ही प्रतिस्पर्धी चुकीच्या जागी शोधताय. इथला प्रतिस्पर्धी ग्रह आहे.

प्रदूषण वाढवा, झेनोफंगस (ग्रहावरची बुरशी) उसळून शेतं गिळतो आणि त्यातून माइंड वर्म (मनावर हल्ला करणाऱ्या अळ्या) निघतात. त्यांच्यापुढे तुमच्या तोफा आणि चिलखत शून्य. सैनिकांचं मनोधैर्य किती, हेच मुख्यतः मोजलं जातं. आणि जमीन? उंची वाढवली तर सौर ऊर्जा जास्त मिळते, पण वारे पश्चिमेकडून येतात, म्हणून डोंगराच्या पूर्वेची बाजू कोरडी पडते. महाबळेश्वरला पावसाची झड लागलेली असताना माणदेशात टँकर का फिरतात, हे शाळेत शिकलो ते या गेमच्या नकाशावर चालतं. पूर्वेच्या शेजाऱ्यावर एक गोळी न झाडता दुष्काळ लादता येतो! असं हत्यार देणारा दुसरा गेम सांगा.

शिवाय एआय मठ्ठ असेल, पण बिनचेहऱ्याचा नाही. गटप्रमुखांपैकी डियर्ड्रेला पर्यावरणवादी धोरण हवं, मिरियमला धर्मसत्ता. तुम्ही काय निवडलं त्यावरून ते तुमच्यावर चिडतात. ते का चिडले हे प्रत्येक वेळी कळतं.

निवांत_खेळाडू
दोघेही एक गोष्ट सोयीस्कर विसरताय: हा गेम डोळ्यांना छळतो. जिकडे पाहावं तिकडे तांबडा-तपकिरी चिखल, त्यावर गुलाबी बुरशी. युनिट वर्कशॉपचं (जिथे आपली युनिटं आपणच घडवतो) कौतुक होतं, पण चॅसिस (सांगाडा), शस्त्र, चिलखत, रिअ‍ॅक्टर यांच्या जोड्या लावून गेम स्वतःच इतकी डिझाइनं बनवतो की बांधायच्या यादीत कामाचं युनिट शोधावं लागतं. तीस बेस झाल्यावर प्रत्येक फॉर्मरला (जमीन सुधारणाऱ्या युनिटला) हाताने कामाला लावणं ही करमणूक नाही, मुकादमी आहे.

त्यामानाने याच धाटणीची २०१४ची 'बियॉन्ड अर्थ' उगाच बदनाम झाली. टेक ट्रीऐवजी (तंत्रज्ञानाच्या ठरलेल्या क्रमाऐवजी) जाळं, त्यामुळे दर वेळी वाट वेगळी. एका घरात एकच लष्करी युनिट, म्हणजे फौजांचा ढीग नाही. मी पुन्हा खेळेन तर तीच.

रांगडा_अंतराळवीर
जाळं ठीक, पण त्या जाळ्यात माणसं कुठायत? 'बियॉन्ड अर्थ'मधल्या कविता ठाकूर तिकडची भारतीय नेता. खेळून झाल्यावर तिच्याबद्दल काय आठवतं? मला पोशाख आठवतो. इकडचे डॉक्टर प्रवीण लाल पाहा. संयुक्त राष्ट्रांची सनद उराशी धरलेला माणूस. ग्रहाच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत त्याची मतं दुप्पट, पोलीसराज त्याला वर्ज्य, आणि कार्यक्षमता मात्र एकने कमी. आदर्शवादी आणि नोकरशाहीत अडकलेला, हे एका उणे एकमध्ये सांगितलंय.

(बाकी भारतीय पात्र म्हटल्यावर शांततावादीच असणार, हा कंटाळवाणा ठोकळा आहे, तेही खरं.)

निवांत_खेळाडू
@रांगडा, पात्रं भारी, मान्य. पण मी गेम खेळायला बसतो, वाचनालयात नाही. टर्न संपवायला वीस मिनिटं लागत असतील तर लालसाहेबांचं चरित्र कितीही सुंदर असो.

षट्कोनी
@बुरशीप्रेमी, पावसाचा मुद्दा जोरदार. पण ग्रह हा प्रतिस्पर्धी सुरुवातीपुरताच आहे. जंगल लावत सुटा: ते आपोआप पसरतं, धान्य, खनिज, ऊर्जा सगळं थोडं थोडं देतं. पुढे ट्री फार्म (बेसमधली एक इमारत) बांधले की पर्यावरणाची हानी कमी आणि उत्पन्न जास्त. म्हणजे ग्रहाशी जुळवून घेणं हाच सर्वांत फायद्याचा धंदा निघतो. लोभ आणि निसर्ग यांतली ओढाताण, जिच्यावर गेम उभा आहे, ती तिथेच सुटते.

म्हणून मी आता नियम घालून खेळतो: क्रॉलर प्रोजेक्टमध्ये ओतायचे नाहीत, हेलिकॉप्टर बनवायचं नाही. मग बाकीचे गट जरा दम धरतात.

बुरशीप्रेमी
जंगलाचं पटलं, तिथे तोल गेलाच आहे. पण क्रॉलर बंद म्हणजे अतीच झालं हो! त्यापेक्षा मिरियम घ्या: संशोधन उणे दोन, सुरुवातीची दहा वर्षं तर ते जवळपास ठप्पच. संशोधनात पुढे असलेला झाखारोव शेजारी बसवा आणि तंत्रज्ञान चोरून जगा. तुमचे ते दोन नियमही लागणार नाहीत.