ठाण्याच्या घराला स्मार्ट कुलूप: इथून न्यायचं की तिथेच घ्यायचं?

प्रेषक: एडिसन, मूळ वसंत विहार

नमस्कार मंडळी,

दिवाळीला इथून, न्यू जर्सीहून, ठाण्याला जातोय. आई-बाबा वसंत विहारला, तिसऱ्या मजल्यावर, दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. गणपतीत आमच्याच सोसायटीत एक घर फोडलं. माणसं गावी गेली होती, कडीकोयंडा उचकटून आत शिरले आणि कपाट रिकामं करून गेले. तेव्हापासून आईची झोप उडालीय. रात्री उठून लॅच लागलाय ना ते पुन्हा पुन्हा बघते.

इथे आमच्या दाराला स्मार्ट डेडबोल्ट (मोटरवर चालणारा भक्कम बोल्ट) आहे, झेड-वेव्ह या घरगुती रेडिओ पद्धतीवर चालणारा. तसाच एक नवा घेऊन बॅगेत टाकावा आणि तिथे सुताराकडून बसवून घ्यावा असा विचार आहे. म्हणजे कामाच्या बाई आल्या, गॅसवाला आला, तर इथूनही दार उघडून देता येईल. कोणी असं नेलंय का? तिथे काय अडचणी येतात?

---

प्रेषक: पार्सिपनी, मूळ ऐरोली

झेड-वेव्हचं मुळीच नेऊ नका. इथली उपकरणं ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, भारतासाठी ८६५ ठरलेलं आहे. तिथे घेतलेल्या हबला, म्हणजे कुलूप इंटरनेटला जोडणाऱ्या पेटीला, तुमचं कुलूप दिसणारच नाही. कुलपांचं वायफाय आणि ब्लूटूथ दोन्हीकडे साधारण २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ती अडचण नाही, पण वॉरंटीचं काय? कुलूप बिघडलं तर बाबांनी ते कोणाला दाखवायचं? दाराबद्दल आपले जांभळी नाकेवाले सांगतीलच.

---

प्रेषक: प्लेन्सबरो, मूळ जांभळी नाका

सगळ्यांना नमस्कार. आमचं जांभळी नाक्याजवळ हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांनंतर मोठा भाऊ बघतो. इकडे येईपर्यंत मीही गल्ल्यावर बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडिओचं पार्सिपनीकरांनी सांगितलंच, पण त्याआधी दार आडवं येईल. इथला डेडबोल्ट ज्या दारासाठी बनतो, तसं दार वसंत विहारात नसतं. इथे दाराला ५४ मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं, कडेपासून त्याचा मध्य ६० किंवा ७० मिलिमीटरवर, आणि दाराची जाडी ३५ ते ४५. आपल्या जुन्या इमारतींतली फ्लश दारं बऱ्याचदा ३०-३२ भरतात. त्यात जुन्या लॅचची भोकं, मॅजिक आय, वरून लॅमिनेट. अशा दारात आणखी एवढं मोठं भोक पाडायला लावलं तर सुतार तुमच्या तोंडावर नाही म्हणणार नाही, पाडून देईल, आणि दार कायमचं कमकुवत होईल.

तिकडे जी स्मार्ट कुलुपं मिळतात ती मुख्यतः दोन तऱ्हेची. मॉर्टाइज म्हणजे दाराच्या कडेत खाच मारून पेटी आत घालायची. रिम म्हणजे दाराच्या आतल्या अंगाला वरून बसवायचं, आपल्या नेहमीच्या लॅचसारखं. मॉर्टाइज दिसायला देखणं असतं आणि दुकानदारही तेच आधी पुढे करतो. पण त्याची पेटी वीसेक मिलिमीटर जाड असते. ३२च्या दारात ती बसवली की दोन्ही अंगांना लाकूड उरतं जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. खांद्याचा एक जोरदार धक्का बसला की कुलूप शाबूत राहतं आणि दार फाटतं. म्हणून दार बदलायचं नसेल तर रिमच घ्या. दार बदलणार असाल तर भरीव, किमान ३५ मिलिमीटरचं घ्या आणि मग खुशाल मॉर्टाइज बसवा.

खरेदी करताना बोल्ट नीट बघा. ज्याची जीभ तिरकी असते आणि मागे स्प्रिंग असते, तो लॅच. फटीतून पातळ पत्रा किंवा कार्ड सरकवलं की तो मागे जातो. डेडबोल्टला स्प्रिंग नसते, तो चौकोनी असतो आणि बाहेरून दाबून मागे सरकत नाही. आता तिकडच्या बऱ्याच मॉर्टाइज कुलुपांत दार ओढल्यावर आपोआप लागतो तो फक्त लॅच. मुख्य बोल्ट बाहेर यायला हँडल वर उचलावं लागतं. पेटीवर पाच बोल्टचं चित्र असतं, पण हँडल उचलायची सवय नसेल तर त्यातले चार आतच राहतात. ज्यात मोटर स्वतः डेडबोल्ट पूर्ण बाहेर काढते असंच मॉडेल मागा, आणि दुकानातच दार लावल्यासारखं करून तो किती बाहेर येतो ते बघा. २५ मिलिमीटर आला तर उत्तम.

आणि ज्याच्यावर कोणी पैसे खर्च करत नाही ती गोष्ट म्हणजे चौकट. घर फोडणारे पासवर्ड शोधत बसत नाहीत. पहार घालतात आणि चौकटीवरची स्ट्रायकर प्लेट, म्हणजे बोल्ट ज्या पट्टीच्या भोकात जातो ती, उपटतात. बहुतेक ठिकाणी ती अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूवर उभी असते. जाड पत्र्याची लांब प्लेट घ्या, तिला तीन इंची स्क्रू मारा, म्हणजे ते चौकटीच्या लाकडात खोल जातील. चौकट भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, धरलेली असते, ती हलते का तेही हाताने ढकलून बघा. हलत असेल तर गवंड्याला बोलवा. एवढं करायला काही शे रुपये लागतात आणि वीस हजारांच्या कुलपाचं खरं काम त्यावर अवलंबून असतं.

तिसरं, पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्यात लाकडी दार फुगतं हे सगळ्यांना माहीत आहे. आपण खांदा लावून दार ढकलतो, लॅच फिरवतो, झालं. मोटरला खांदा नाही. बोल्ट प्लेटला घासला की ती दोन-तीनदा जोर लावते, पीं-पीं करते आणि सोडून देते. बॅटरीही त्यातच संपते. आमच्या भावाकडे जुलैत ज्या तक्रारी येतात त्यात कुलपाचा दोष क्वचित असतो. दाराची वरची आणि खालची कड रंगाऱ्याने कोरडी सोडलेली असते, तिथून पाणी शोषलं जातं. त्या दोन्ही कडा उघडून सीलर मारून घ्या. मग दार लावून आतला नॉब दोन बोटांनी फिरवून बघा. दार न ढकलता सहज फिरला पाहिजे. फिरत नसेल तर प्लेटचं भोक कानशीने वाढवा. दिवाळीला हवा कोरडी असते, त्यामुळे तेव्हा सगळं छान चालेल. सुताराला पावसाळ्याच्या हिशेबाने दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवायला सांगा.

आता सेफ्टी डोअर. तुमच्या आईकडे दिवसभर लाकडी दार उघडंच असणार आणि बाहेरचं जाळीचं दार नुसत्या कडीवर. बरोबर ना? म्हणजे सकाळी सात ते रात्री नऊ तुमचं स्मार्ट कुलूप भिंतीकडे तोंड करून उभं. जाळीतून हात घालून कडी काढता येत असेल तर आधी तिथे पत्रा ठोका आणि आतून किल्लीशिवाय उघडणारं कुलूप बसवा. मी तर म्हणेन, पहिला खर्च तिथे करा.

किमतीचं पुढच्या मेलमध्ये लिहितो. दाराची जाडी, कडेपासून जाळीच्या दारापर्यंतचं अंतर आणि दार डाव्या हाताचं की उजव्या हाताचं, एवढं बाबांकडून मागवा.

---

प्रेषक: जर्सी सिटी, मूळ नेरूळ

दादांनी दाराचं सांगितलं, मी माणसांचं सांगते.

माझी आई नेरूळला एकटी राहते, पाम बीचच्या बाजूला. तिच्याकडे रिम प्रकारचं कुलूप बसवलंय, बोटाचा ठसा, कोड, कार्ड आणि किल्ली असं सगळं असलेलं. ठसा तिचा नीट लागतच नाही. या वयात कातडी कोरडी पडते, रेषा झिजतात, त्यात कणीक मळून आली की संपलंच. दोन्ही हातांची मिळून चार बोटं नोंदवली, एकेक बोट दोनदा. तरीही ती कार्डच वापरते. किल्लीच्या जुडग्याला लावलेलं, दाराला टेकवलं की उघडतं. तुमच्या आई-बाबांना आधी दुकानात घेऊन जा आणि स्वतः उघडून बघू द्या. कार्ड असलेलं घेणार असाल तर एवढं विचारा की कार्ड नुसता क्रमांक पाठवतं का. जुन्या पद्धतीच्या कार्डांची नक्कल सहज होते, २००८ पासून हे जगजाहीर आहे. हरवलेलं कार्ड लगेच रद्द करता आलं पाहिजे.

इथून दार उघडून देण्याबद्दल. मी ती सोय सुरू केली होती आणि नंतर बंद केली. तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा इथे पहाटेचे साडेचार. झोपेत, दारात कोण आहे हे न बघता, मी बटण दाबायचं? बाईंना त्यांचा वेगळा कोड दिलाय, तो सकाळी नऊ ते अकराच चालतो. प्लंबरसाठी आई स्वतः एकदाच चालणारा कोड काढते, तिला ते दोनदा दाखवल्यावर जमलं. मुदतीचा कोड इथून घालत असाल तर ॲप कुठली वेळ धरतंय ते एकदा तपासा, भारताची की न्यू जर्सीची.

आणि एक. कुलूप उघडलं की माझ्या फोनवर सूचना यायची. एकदा आईने विचारलं, "मी भाजीला खाली उतरले की तुला कळतं का गं?" तिने रागाने नाही विचारलं, पण मला फार लागलं. आठवी-नववीत मी तिला कुठे जाते, कधी येते हे सांगायला कंटाळायचे, आणि आता तिच्या उंबरठ्यावर मी पहारा बसवला होता. त्या दिवशी सूचना बंद केल्या. आता फक्त दोनच येतात, बॅटरी कमी झाली तर आणि कोड ओळीने चुकला तर. ॲपची मालकी तिच्या नंबरवर आहे. मी पाहुणी म्हणून जोडलेली आहे. कोणाला कोड द्यायचा हे ती ठरवते. घर तिचं आहे.

बॅटरी साध्या अल्कलाइन घाला. चार्ज होणाऱ्या १.२ व्होल्टच्या घातल्या तर कुलूप चुकीची पातळी दाखवतं. आमच्याकडे खाडीची खारी हवा, दर पावसाळ्यानंतर बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवट पूड धरते, ती कोरड्या फडक्याने पुसावी लागते. बॅटरी पूर्ण संपली तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवून किंवा टाइप-सी केबल लावून तात्पुरती वीज देता येते, कुठली सोय आहे ते शेजारच्या काकूंनाही दाखवून ठेवा.

---

प्रेषक: पार्सिपनी, मूळ ऐरोली

ताई, पूर्ण पटलं. मी दोन-तीन तांत्रिक गोष्टी जोडतो.

२०१६ मध्ये डेफ कॉन या हॅकर्सच्या परिषदेत संशोधकांनी १६ ब्लूटूथ कुलुपं तपासली, त्यातली १२ उघडता आली. काही तर पासवर्ड उघडाच पाठवत होती. २०१७ मध्ये इथे अमेरिकेत एका कंपनीने वायफायवरून चुकीचं अपडेट पाठवलं आणि सुमारे ५०० कुलुपं निकामी झाली. म्हणून अगदी अनोळखी नावाचं, स्वस्तातलं नको, आणि किल्लीची सोय नसलेलं तर नकोच. पण तो किल्लीचा सिलिंडर झाकणाखाली लपवलेला असतो आणि बऱ्याचदा तिथेच पैसे वाचवलेले असतात. चपटी, खड्डे असलेली किल्ली आणि ड्रिलला दाद न देणारा सिलिंडर आहे का ते विचारा.

वीज गेली तर राउटर बंद पडतो आणि फोनवरून काही चालत नाही. कोड, कार्ड, ठसा चालू राहतात, कारण ते कुलपातच साठवलेले असतात. राउटर इन्व्हर्टरवर टाकला तर बरं.

कोडच्या आधी-नंतर भलतेच आकडे दाबता येतात का तेही बघा. चाळीतल्यासारखे जिने अरुंद असले की मागे उभ्या माणसाला सगळं दिसतं. बाबांची जन्मतारीख कोड म्हणून ठेवू नका, वॉचमनलाही ती माहीत असते.

---

प्रेषक: एडिसन, मूळ वसंत विहार

मंडळी, मनापासून आभार. इथून कुलूप नेत नाही.

बाबांना आज फोनवरूनच टेप धरायला लावली. दार ३२ मिलिमीटर, वाजवून बघितलं तर मध्ये पोकळ आवाज येतो, कुलपाच्या जागी भरीव. स्ट्रायकर प्लेटचा एक स्क्रू हाताने फिरवला तर बाहेरच आला. सेफ्टी डोअरच्या जाळीतून आईचा हात कडीपर्यंत सहज पोचतो, तिने मला व्हिडिओवर करून दाखवलं.

म्हणून क्रम असा ठरवलाय. दिवाळीची वाट न बघता याच आठवड्यात जाळीच्या दाराला पत्रा आणि कुलूप, चौकटीला लांब प्लेट. मी पोचल्यावर दोघांना घेऊन दुकानात जाईन आणि रिम प्रकारातलं, मोटरने डेडबोल्ट बाहेर काढणारं, कार्ड आणि किल्ली दोन्ही चालणारं कुलूप आई निवडेल. ॲप तिच्याच फोनवर. घराच्या विम्याची पॉलिसीही काढून वाचली. चोरी जबरदस्तीने आत शिरून झाली असेल तरच भरपाई, असं त्यात स्पष्ट आहे. कोणी आपलाच कोड दाबून आत आलं तर तोडफोडीची खूण कुठेच राहणार नाही, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा कोड आणि बाई बदलल्या की त्याच दिवशी रद्द, हे आईला सांगितलंय.

जांभळी नाक्याच्या दादांना एक विनंती. तुमच्या भावाकडे पावसाळ्याचा हिशेब कळणारा सुतार असेल तर शनिवारी सकाळी पाठवता येईल का? बाबा साडेदहानंतर घरी असतात. प्लेट आणि तीन इंची स्क्रू तुमच्याच दुकानातून घेऊन यायला सांगा, पैसे बाबा लगेच देतील.