आयडॉलवर जीव टाकणारे चाहते: भाबडे की भागीदार?

अर्धविराम (धागाकर्ता)

जपानमधल्या आयडॉल गटांच्या (गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुण कलाकारांच्या) आणि मॅस्कॉटच्या (एखाद्या गावाचं किंवा कंपनीचं प्रतीक म्हणून बनवलेल्या पात्रांच्या) चाहत्यांचा विषय निघाला की निदान ठरलेलं असतं: एकलकोंडी माणसं आहेत, कंपन्या त्यांना गंडवतात. गंडवतात, मान्य. पण गंडलेला माणूस एकदा हात पोळले की लांब राहतो. हे लोक वर्षानुवर्षं तिथेच कसे रमतात?

मला वाटतं, घोटीव, तयार गोष्ट माणसाला आवडते, पण जीव जडतो तो अपुऱ्या गोष्टीवर. आपला हात लागला म्हणून ती पुढे सरकली असं म्हणता आलं पाहिजे. ८ डिसेंबर २००५ला टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या एका छोट्या थिएटरात एकेबी४८ या मुलींच्या आयडॉल गटाचा पहिला प्रयोग झाला. तिकीट काढून आलेले जेमतेम सात जण होते, असं चाहते अजून सांगतात. मुली कच्च्या होत्या, आणि तेच तर भांडवल होतं! रोज येणाऱ्याला कालची चूक आज सुधारलेली दिसायची.

हात्सुने मिकू हे याचं टोक. २००७ साली साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियानं बाजारात आणलं ते गाणारं सॉफ्टवेअर. सोबत एक चित्र, वय १६, उंची १५८ सेंटीमीटर. ना कथा, ना स्वभाव. गाणी, चित्रं, भांडणं, सगळं लोकांनी रचलं. तिच्या हातातली ती कांद्याची हिरवी पातसुद्धा कंपनीनं दिलेली नाही. चाहत्यांच्या एका व्हिडिओतून आली आणि कायमची चिकटली. पारदर्शक पडद्यावर मिकू नाचते तेव्हा समोर लाइटस्टिक हलवणाऱ्यांत तिच्यासाठी गाणी रचणारेही असतात. याला मी भक्तीपेक्षा मालकी म्हणेन.

उलटतपासणी

मिकू फारच सोयीची पडली तुम्हाला. ती थकत नाही, रडत नाही. हाडामांसाच्या मुलींकडे या.

एकेबी४८च्या सीडीत हस्तांदोलनाचं तिकीट असायचं. २००९ ते २०१८ दरवर्षी चाहत्यांच्या मतांवर मुलींचा क्रम ठरवणारी निवडणूक, आणि ठरावीक सीडीमागे एक मत. म्हणजे आपली आवडती मुलगी वर यावी म्हणून तीच सीडी खोक्यांनी घ्यायची. ऐकायला एक पुरते, बाकीच्यांचं काय? २०१७ साली फुकुओकातल्या डोंगरात शेकडो सीडी फेकलेल्या सापडल्या. भागीदार म्हणता, तर नफ्यातला वाटा कुठाय?

वेंधळी

उलटतपासणी, तुम्ही त्या रांगेत कधी उभे राहिला आहात का? मी राहिलेय. एका तिकिटाला काही सेकंद मिळतात. पाठीशी कर्मचारी उभा असतो, वेळ संपली की खांद्याला हात लावून पुढे सरकवतो. आपण घोकलेलं वाक्य अर्ध्यात राहतं. यासाठी कुणी इतका आटापिटा करेल का? करतात, कारण आधीचे काही तास रांगेत जातात आणि खरी मजा तिथे असते. पुढचा-मागचा माणूस ओळखीचा होतो. कुणीतरी वाढदिवसाच्या प्रयोगासाठी वर्गणी गोळा करत असतं, थिएटरबाहेर फुलांचा स्टँड पाठवायचा असतो, कुठल्या ओळीला कुठली आरोळी द्यायची याचे छापील कागद वाटले जातात. मुलीपेक्षा तिच्याभोवती जमलेल्या माणसांचं वेड जास्त असतं, हे कबूल करायला चाहते लाजतात इतकंच.

जुनाखोड

तरुणांनो, हे इंटरनेटचं पाप नाही. पियानोवादक लिस्टच्या मागे लागलेल्या बायकांना बघून जर्मन कवी हाइनेनं १८४४ साली त्या वेडाला ‘लिस्टोमानिया’ म्हटलं होतं. आणि हॉर्टन-वोल या संशोधक जोडीनं १९५६ सालीच टीव्हीवरच्या माणसाशी जडणाऱ्या एकतर्फी जवळिकीवर लिहिलं. त्यांनी तिला सरसकट आजार ठरवलं नाही. खऱ्या नात्यांच्या जोडीला असेल तर चालतं. ती नातीच बाजूला सारून तिथे हे बसवलं, तर गडबड.

सरळरेषा

धागाकर्ते, ‘मालकी’ हा शब्द तुम्ही फार हलक्या हातानं टाकलात. चाहता मालक, तर मग ती मुलगी कोण?

२०१३ साली एकेबी४८ची मिनामी मिनेगिशी एका तरुणाच्या घरी राहिल्याची बातमी साप्ताहिकात आली. तिनं डोकं भादरून रडत रडत माफी मागितली आणि तो व्हिडिओ गटाच्या अधिकृत चॅनेलवर गेला. गुन्हा काय, तर प्रेम. तुमचा ‘आपला हात लागला’वाला आनंद इथपर्यंत येतो.

अर्धविराम

सरळरेषा, व्हिडिओ बघून भडकलेले चाहतेही होतेच की. पण चला, माणसं बाजूला ठेवू, कुमामोन हा मॅस्कॉट घ्या. २०१०मध्ये कुमामोतो प्रांतानं आणलेलं काळं अस्वल, गाल लाल. परवानगी घेतली की चित्र वापरायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे दुकानदारापासून कारखानदारापर्यंत प्रत्येकाचा आपापला कुमामोन. एप्रिल २०१६च्या भूकंपानंतर त्याचे कार्यक्रम थांबले, सोशल मीडियावरचं खातंही गप्प झालं. लोक विचारू लागले, तो बरा आहे ना? चित्रकारांनी त्याला धीर देणारी चित्रं काढली. ५ मेला तो आपद्ग्रस्तांना भेटायला गेला आणि लहान मुलं त्याला बिलगली. आत माणूस आहे हे मोठ्यांना माहीत नव्हतं थोडंच! इथे कोण लुटलं गेलं, सांगा.

उलटतपासणी

कुणीच नाही. पण तो प्रांताचा विक्रीप्रमुख आहे, अधिकृत पद आहे ते. गोंडस जाहिरात ही जाहिरातच.

वेंधळी

म्हणून काय झालं? उघड आहे ना ती.

सरळरेषा, तुमचं म्हणणं मला जास्त बोचलं. त्यात एक भर: डिसेंबर २०१८मध्ये एनजीटी४८ या एकेबी४८च्याच भगिनी गटातल्या माहो यामागुचीला तिच्या घराच्या दारात दोन चाहत्यांनी पकडलं. जानेवारीत स्टेजवर माफी कुणी मागितली? तिनंच! त्यावर व्यवस्थापनाविरुद्ध आरडाओरडा करणारेही चाहतेच होते. हल्ला करणारे आणि तिच्यासाठी भांडणारे एकाच रांगेतले. आता यांना एका शब्दात काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. २०१९ला निवडणूक झाली नाही, एवढं मात्र खरं.

उलटतपासणी

निवडणूक गेली, तिकिटं नाही गेली. करोनात हस्तांदोलन बंद पडलं तर व्हिडिओ कॉलवर काही सेकंद बोलायची सोय निघाली. तीही सीडी घेतली तरच.