घरच्या मैदानावर संघ जास्त का जिंकतो?

डिचोलीकर: फातोर्ड्याला एफसी गोवाची फुटबॉल मॅच बघून परतताना बसमध्ये हाच विषय. आमच्या ओरडण्याने खरंच फरक पडतो का?

जुना रेफरी, फोंडा: पडतो, पण आधी शिट्टीवर. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात ४० रेफरींना एकाच सामन्याचं चित्रण दाखवलं. प्रेक्षकांचा आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. मी वीस वर्षं गावोगावच्या मैदानांवर उभा राहिलोय. बॉक्समध्ये कोणी पडला आणि गर्दी उसळली, की शिट्टी ओठांशी पोचलेली असते, निर्णय मागून येतो. ते थोपवायला मला फार वर्षं लागली.

वास्कोवाली: कोविडात युरोपातली मैदानं रिकामी होती, तेव्हा पाहुण्यांना पिवळी कार्डंही कमी मिळाली.

डिचोलीकर: मग पुढच्या मॅचला भावंडांनाही आणतो.