हरभऱ्याएवढा तुकडा : लहान कुत्र्यांच्या शिकवणीसाठी घरगुती खाऊ (अनुभव धागा)

धागाकर्ता, कोथरूड, पुणे

दुकानातून आणलेले खाऊचे पाकीट आमच्याकडे चार दिवसांत संपले, तेव्हा मी वहीपेन्सिल घेऊन हिशेब मांडायला बसलो. आमची पॉमेरेनियन ५ किलो वजनाची आहे. एवढ्या वजनाच्या, गर्भाशय काढलेल्या प्रौढ कुत्रीला दिवसाला साधारण ३५० किलोकॅलरी पुरतात आणि खाऊचा वाटा त्याच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये असे पशुवैद्य सांगतात, म्हणजे शिकवणीसाठी हातात उरतात अवघ्या ३५. उकडलेले एक अख्खे अंडे ७० च्या पुढे जाते. कातडी काढून नुसत्या पाण्यात उकडलेले चिकनचे छातीचे मांस मात्र १०० ग्रॅमला १६५ च्या आसपास असते; त्याचे भिजवलेल्या हरभऱ्याएवढे, साधारण अर्ध्या ग्रॅमचे तुकडे केले, तर दिवसाला चाळीस तुकडे या हिशेबात बसतात. चाळीस वेळा ‘बस’ आणि ‘इकडे ये’ म्हणून झाल्यावर कुत्री दमत नसली तरी मी नक्की दमतो. २०० ग्रॅम कच्च्या चिकनमध्ये आमचा आठवडा निघतो. तीन दिवसांपुरते फ्रिजमध्ये आणि बाकीचे फ्रीजरमध्ये ठेवतो.

कुत्र्याला तुकड्याचा आकार कळत नाही, ‘मिळाले’ एवढेच कळते, असे माझे मत झाले आहे. आपण घरात काय वापरले, तुकडा केवढा केला, त्यासाठी कुत्र्याने काय काय केले आणि कुठे फसले, तेही लिहावे.

सदाशिव पेठ, शिह त्झू, वय २ वर्षे

आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही, त्यामुळे वरचा हिशेब वाचून आधी थोडे हताश व्हायला झाले. आम्ही पनीर वापरतो. नासलेल्या किंवा लिंबू पिळून फाडलेल्या गाईच्या दुधाचा चोथा फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला की तासाभरात कापण्याजोगी वडी होते. पाण्याबरोबर दुधातली साखर बरीचशी निघून जात असल्याने नुसत्या दुधाने बिघडणारे आमच्या कुत्र्याचे पोट पनीरने बिघडत नाही. मात्र पनीरमध्ये स्निग्धांश भरपूर असतो, म्हणून दिवसाला जेमतेम १० ग्रॅम, तेही मुगाच्या दाण्याएवढे तुकडे करून, आणि फक्त अवघड कामासाठी. घरातल्या घरात ‘थांब’ म्हणण्यासाठी ज्वारीच्या बिनमिठाच्या लाह्या पुरतात. नागपंचमीला आणलेल्या लाह्यांचा डबा सासूबाईंनी माझ्यापासून लपवून ठेवला होता, तो कुत्र्याने वासावरून शोधून दिला; त्या दिवसापासून लाह्या त्याच्या नावावर झाल्या आहेत.

नारायण पेठ, इंडियन स्पिट्झ

गणेशोत्सवाच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की आमचा कुत्रा पलंगाखाली शिरत असे. मागच्या वर्षी सरावाचे पहिले आठवडे आम्ही शिकवणीसाठी वापरले. ढोल अगदी पुसट ऐकू येईल इतक्या लांबच्या गल्लीत त्याला घेऊन उभे राहायचे, ठोका पडला की लगेच चिकनचा तुकडा द्यायचा, आवाज थांबला की खाऊही थांबवायचा. या क्रमाला महत्त्व आहे. खाऊ आधी आणि आवाज नंतर झाला, तर कुत्र्याला खाऊचीच भीती बसण्याचा संभव असतो, आणि ही चूक आम्ही पहिले दोन दिवस केली होती. दुसरी खूण अशी, की एरवी चिकनवर तुटून पडणारा कुत्रा तुकडा हुंगून तोंड फिरवू लागला, तर आपण आवाजाच्या फार जवळ आलो असे समजून मागे सरकावे. त्याला भूक नाही असे समजू नये. या कामाला लाह्या किंवा पोळीचे तुकडे चालले नाहीत. भीतीच्या कामाला घरातली सर्वांत आवडती वस्तूच लागते, आणि ती एरवी कधीही द्यायची नाही. विसर्जनाच्या दिवशी तो पलंगाखाली गेलाच, परंतु संध्याकाळी आपण होऊन बाहेर आला.

सहकारनगर, डॅशहंड

लांब पाठीच्या या जातीत मणक्यातली चकती सरकण्याचा धोका मोठा असतो आणि वजन वाढले की पाठीवरचा भार वाढतो. म्हणून खाऊ हातात उंच धरून त्याला मागच्या पायांवर उभे करण्याची, सर्वांना गोड वाटणारी गोष्ट आम्ही पूर्ण बंद केली आहे. तुकडा नेहमी नाकाच्या पातळीवर किंवा जमिनीवर ठेवला जातो. रोजच्या शिकवणीला मंडईतली गाजरे आणि वाफवलेली फरसबी वापरतो. तळजाईच्या टेकडीवर मोर ओरडला की मात्र गाजराला कोणी विचारत नाही, तिथे कोंबडीची कलेजी लागते. ती उकडून, पातळ चिरून, बिडाच्या तव्यावर तेल न घालता मंद आचेवर कोरडी होईपर्यंत परतायची. घरभर असा वास सुटतो, की शेजारी चौकशी करून जातात. कलेजीत ‘अ’ जीवनसत्त्व फार असते आणि ते शरीरात साठते, म्हणून आठवड्यातून दोनदाच, तेही चिमूटभर.

औंध, पग

फसलेला अनुभव मागितला आहे, म्हणून लिहितो. रविवारच्या रश्शातले चिकनचे तुकडे नळाखाली धुऊन शिकवणीला वापरायचे, ही काटकसर मला फार हुशारीची वाटत होती. तीन-चार दिवस हे चालले. पुढच्या आठवड्यात कुत्रा जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच बसू लागला, हिरड्या फिक्या दिसू लागल्या आणि लघवीचा रंग गडद तांबूस झाला. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि पहिला प्रश्न विचारला, तो कांद्याचा. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि त्यांचा अर्क रश्शात उतरून मांसात मुरलेला असल्याने वरून धुऊन काहीही साधत नाही. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे मला दोन्हींचा संबंध सुचलाच नव्हता. तो बरा झाला. आता त्याचे चिकन फोडणीच्या आधी, वेगळ्या पातेल्यात, मिठाशिवाय उकडले जाते आणि हाडे आधीच काढून टाकली जातात, कारण शिजलेल्या हाडांच्या अणकुचीदार काटक्या होतात.

बाणेर, बीगल (फार लहान नाही, तरी लिहिते)

वरील अनुभवाला जोड म्हणून सांगते, की सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही पाहुण्यांच्या हातून कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नये. त्यातले बेदाणे कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. आमच्याकडे पाहुण्यांनी प्रेमाने भरवला आणि आम्ही सोवळ्यानिशी दवाखान्यात जाऊन ओकारी करवून घेतली.

कर्वेनगर, पूडल

माझी तक्रार निराळी आहे. खाऊ हातात असेल तर आमची कुत्री सगळे ऐकते आणि नसेल तर बहिरी होते. एका अनुभवी प्रशिक्षकांनी तासभर पाहून सांगितले, की दोष तिचा नसून माझ्या मुठीचा आहे: मी आधी खाऊ दाखवतो आणि मग आज्ञा देतो, म्हणजे तिच्या दृष्टीने मूठ हीच आज्ञा झाली आहे. आता वाटी फडताळावर असते. रिकाम्या हाताने खूण करायची, ती बसली की त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणायचे आणि मग वाटीकडे जायचे. ‘शाब्बास’ला एका-दोन सेकंदांपेक्षा उशीर झाला, तर ती बसून पुन्हा उठलेली असते आणि बक्षीस उठण्याचे मिळते. खाऊ कोणता, तर तिच्या रात्रीच्या जेवणातलाच भात-चिकनचा मूठभर भाग बाजूला काढलेला; त्यामुळे वरखर्चही नाही आणि वेगळा हिशेबही नाही.

कॅम्प, पॉमेरेनियन, वय १३ वर्षे

आमच्याकडचा म्हातारा आता बहिरा आहे आणि त्याला चारच दात उरले आहेत, त्यामुळे वर सांगितलेले बहुतेक पदार्थ त्याच्या कामाचे नाहीत. त्याला लाल भोपळा लागतो. साल आणि बिया काढून उकडलेली फोड चमच्याने घोटून घ्यायची आणि चमच्याच्या टोकावर लागेल तेवढीच चाटू द्यायची. या एवढ्या भांडवलावर तो या वयात हाताच्या तीन खुणा शिकला: ये, थांब, आणि झोपायला चल. तिसरी खूण त्याला पटत नाही. चमचा चाटून होईपर्यंत तो थांबतो, आणि मग परत दिवाणखान्यात जातो.